धर्मशिक्षणाचे वर्ग बंद, मग मे महिन्यात मुलांचं काय करायचं?

पत्र:

मावशी, आम्ही विरारला फ्लॅटमध्ये राहतो, माहेर आणि सासर दोन्ही वसईच्या गावांत. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याची यंदाच फर्स्ट कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं) झाली. मुलगी तेरा वर्षांची. धर्मशिक्षणाचे वर्ग बंद झालेत ते आता जूनच्या मध्यावर उघडणार. गेल्या वर्षी सुट्टी संपली तेव्हा पोरगा अर्ध्या प्रार्थना विसरला होता, शिक्षिकेने बोलावून सांगितलं, मला फार लाज वाटली. म्हणून यंदा ठरवलं की रोज एक तास घरीच पुस्तक घेऊन बसायचं. चार दिवस बसले, पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली मम्मी सुट्टीत तरी नको ना हे, आणि मग रडारड. मिस्टर रात्री नऊला दमून येतात. मला स्वतःला फार काही येत नाही, बायबल म्हणजे मिस्सामध्ये, चर्चमधल्या उपासनेत, जे ऐकलं तेवढंच. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी रोज जपमाळ व्हायची, तुम्ही मुलं बिघडवताय. त्यात मेच्या शेवटी आठ दिवस गोव्याला जायचंय. काय करू?
– एक आई, विरार

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी तो रोजचा एक तास बंद कर. आजपासूनच. पुस्तक कपाटात ठेवून दे, जूनमध्ये ते बाहेर निघेलच. मुलीचं म्हणणं मला पटतं बघ, दहा महिने शाळा, ट्यूशन, रविवारी धर्मशिक्षण, वर त्याचीही परीक्षा, आणि सुट्टी लागल्यावर डायनिंग टेबलवर परत तीच प्रश्नोत्तरं, तीसुद्धा आईचा आवाज चढलेला असताना, तर तेरा वर्षांची पोरगी चिडणारच. पण म्हणून तिला देव नकोय असं समजू नकोस हां, तिला टेबल आणि पुस्तक नकोय एवढंच, आणि मे महिन्यात ते कुठल्या मुलाला हवं असतं?

आता माझं म्हणणं काय ते ऐक. वर्ग बंद झालाय, चर्चचं वर्ष थोडंच बंद झालंय. उलट मुलांना सुट्टी लागते नेमक्या त्याच दिवसांत आपला वर्षातला सगळ्यात मोठा आनंदाचा काळ चालू असतो आणि आपण तो लग्नांच्या जेवणात आणि आंब्यात घालवून टाकतो, मुलांना कोणी सांगतच नाही की बाळांनो अजून ईस्टर संपलेला नाही. यंदा, म्हणजे 2026 ला, ईस्टर 5 एप्रिलला होता. तिथून पन्नास दिवस धरले की 24 मे, पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. त्याच्या आधीच्या रविवारी 17 मेला आपल्याकडे येशूचं स्वर्गारोहण. मग 31 मेला पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा रविवार, 7 जूनला ख्रिस्तशरीराचा सण. सगळं सुट्टीतच! जे शिकवायचंय ते देवळात ओळीने मांडून ठेवलंय, तू फक्त मुलांना घेऊन जा आणि त्यांचं लक्ष तिकडे वळव. घरी वेगळा अभ्यासक्रम बनवायची काही गरज नाही.

धाकट्याला एक काम दे, दर रविवारी फादरनी कुठल्या रंगाचा झगा घातलाय ते बघायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेला तसा ठिपका द्यायचा. आता पांढरा चाललाय, पेंटेकॉस्टला लाल दिसेल, मग दोन रविवार परत पांढरा, आणि 14 जूनला हिरवा. लाल का, तर त्या दिवशी प्रेषितांवर, येशूच्या शिष्यांवर, अग्नीच्या जिभा उतरल्या म्हणून. आणि वेदीजवळची ती मोठी पास्काची मेणबत्ती, जी ईस्टरच्या रात्री अंधारात पेटवली होती, ती पेंटेकॉस्टपर्यंत मिस्साला पेटलेली असते, त्यानंतर तिथून हलवतात आणि बाप्तिस्म्याच्या वेळी परत पेटवतात. त्याला सांग की मेणबत्तीवर लक्ष ठेव, ती जागेवर दिसली नाही की मला येऊन सांग. नऊ वर्षांच्या मुलाला असली कामं फार आवडतात आणि ह्याच्यातून जे डोक्यात बसतं ते धड्यातून बसत नाही, हे मी धर्मशिक्षणाच्या मुलांबरोबर पुष्कळदा बघितलंय.

तुझ्या मुलाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्याची कम्युनियन नुकतीच झालीये आणि ही त्यानंतरची पहिलीच मोठी सुट्टी. नवे कपडे, फोटो, केक, पाहुणे सगळं होतं आणि मग पुढच्या रविवारी मामाकडे, त्याच्या पुढच्या रविवारी लग्न, आणि जून येईपर्यंत पोराच्या मनात कम्युनियन म्हणजे एक झालेला कार्यक्रम होऊन बसतो. हे होऊ देऊ नकोस. 1910 साली पोप दहावे पायस यांनी कम्युनियनचं वय सात वर्षांच्या आसपास आणलं, त्याआधी मुलांना दहा-बारा वर्षांची किंवा त्याहून मोठी होईपर्यंत थांबवायचे. आणि त्याच आदेशात त्यांनी सांगितलं होतं की पहिल्या कम्युनियननंतर मुलं वारंवार यावीत याची काळजी आईवडिलांनी घ्यायची. म्हणून माझ्या मते सुट्टीत बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालेल, रविवारची मिस्सा चुकवायची नाही. लग्न रविवारी असलं तर शनिवारी संध्याकाळची बघा, नाहीतर पहाटेची. आणि शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा त्याला कन्फेशनला, फादरजवळ पापांची कबुली द्यायला ने, तू पण जा, त्याच्या आधी रांगेत तू उभी राहा. पश्चात्तापाची प्रार्थना तो विसरला असेल तर घरून निघताना रस्त्यात दोघं मिळून म्हणा, संपला विषय.

गेल्या वर्षी प्रार्थना विसरला त्याचं कारणही हेच की त्या परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या आणि घरात कोणाच्या तोंडी ऐकू येत नव्हत्या. परीक्षा झाली, गेल्या. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ आणि ‘नमो मरिये’ मुलं विसरत नाहीत कारण त्या सारख्या ऐकू येतात. मग बाकीच्याही ऐकू येऊ देत, एवढंच करायचं. सकाळची प्रार्थना दात घासून झाल्यावर, जेवणाआधीची जेवणाआधी, झोपताना पश्चात्तापाची. म्हण म्हणून सांगू नकोस, तू स्वतः मोठ्याने म्हण, तो आपोआप मागून म्हणायला लागेल. दुपारी बाराला एंजलस ही मरियेची प्रार्थना म्हणतात ना, ईस्टर ते पेंटेकॉस्ट त्याच्या जागी ‘स्वर्गाच्या राणी’ ही छोटी प्रार्थना असते, आणि गावी गेलात की बाराची घंटा ऐकायला येतेच, तेव्हा हातातलं काम ठेवून अर्धा मिनिट सगळ्यांनी उभं राहायचं. मुलांना असं अचानक थांबणं मजेचं वाटतं.

आता रात्रीचं. तू लिहितेस मला बायबल फार येत नाही. चांगलंय, म्हणजे मुलांबरोबर तुझंही पहिल्यांदा वाचून होईल. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ काढ. ईस्टरच्या काळात मिस्साला पहिलं वाचन जुन्या कराराऐवजी ह्याच पुस्तकातून असतं, तुझ्या लक्षात आलंय का कधी? एकूण 28 अध्याय आहेत, आणि काय एकेक गोष्टी आहेत त्यात! पेत्र तुरुंगात दोन शिपायांच्या मधे साखळ्यांत झोपलेला, देवदूत येऊन त्याला कुशीत मारून उठवतो, साखळ्या गळून पडतात, तो मंडळी जिथे प्रार्थना करत असतात त्या घराचं दार ठोठावतो, आणि दारावर आलेली पोरगी त्याचा आवाज ओळखून इतकी आनंदते की दार न उघडताच आत पळते सांगायला, आणि पेत्र बिचारा बाहेर ठोकतच उभा. हे बाराव्या अध्यायात आहे. सोळाव्यात पौल आणि सिला कोठडीत मध्यरात्री गाणी म्हणतायत आणि भूकंप होतो. विसाव्यात युतुख नावाचा तरुण खिडकीत बसून पौलाचं लांबलेलं प्रवचन ऐकता ऐकता झोपतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो, पौल खाली जाऊन त्याला कवटाळतो आणि तो जिवंत होतो. तुझा मुलगा हे ऐकून हसेल, हसू दे. सत्ताविसाव्यात जहाज फुटतं, अठ्ठाविसाव्यात माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप चिकटतो. अख्खा अध्याय वाचायची सक्ती नको, भाषणं लांब आहेत ती सोडून दे, प्रसंग तेवढा वाच, शेवटी काही विचारू नकोस. ‘मग काय शिकलात’ हा प्रश्न तर अजिबात नको. त्यांना विचारायचं असेल ते विचारतील, आणि उत्तर येत नसेल तर सरळ सांग, मला माहीत नाही, रविवारी फादरना विचारू, आणि मग खरंच विचारायला जा.

सासूबाईंचं म्हणणं तुला टोचलंय ते कळतं, बिघडवताय हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. पण जपमाळेबद्दल त्या बरोबर आहेत, आणि तुझ्याकडे ह्या कामासाठी त्यांच्याइतकं मोठं माणूस दुसरं कोणी नाही. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो त्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीलाच आहे, की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोइस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता. आधी आजीचं नाव घेतलंय बघ. तेव्हा सुट्टीत मुलांना आठ-दहा दिवस गावी ठेव. मे हा मरियेचा महिना, कितीतरी आळ्यांमध्ये संध्याकाळी क्रूसाजवळ जपमाळ होते, शेजारची पोरं असतात, नंतर काहीतरी खाऊ असतो, आणि आपल्या वयाच्या दहा पोरांबरोबर बसून म्हटलेली जपमाळ आणि फ्लॅटमध्ये टीव्ही बंद करून जबरदस्तीने म्हणायला लावलेली जपमाळ ह्यात फार फरक आहे. आजीला सांग की मुलांना तुमच्या लहानपणीचं सांगा, कुठल्या क्रूसाला कोण नवस बोललं, पावसात मिस्साला कसे चालत जायचे. ते पण धर्मशिक्षणच आहे, माझ्या मते तर बऱ्याच धड्यांपेक्षा चांगलं.

विरारच्या घरी मात्र पूर्ण पाच दशकांचा हट्ट धरू नकोस, रोज एकच दशक, म्हणजे दहा मणी म्हणा. आनंदाची, प्रकाशाची, दुःखाची, गौरवाची अशी मिळून वीस रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आहेत (प्रकाशाची पाच पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये घातली, त्यामुळे सासूबाईंच्या लहानपणी पंधराच होती, हे मुलीला सांग, ती आजीला जाऊन सांगेल आणि दोघींची चर्चा होऊ दे). रोज एक रहस्य घेतलं, आधी दोन वाक्यांत तो प्रसंग सांगितला आणि मग दहा ‘नमो मरिये’, तर पाच-सहा मिनिटं लागतात आणि वीस दिवसांत देवदूताच्या निरोपापासून मरियेच्या मुकुटापर्यंत सगळं आयुष्य मुलांच्या डोळ्यांसमोरून जातं. हे आजपासून सुरू केलंस तरी मे संपायच्या आत होईल. वेळ जेवणाच्या आधीची ठेव, झोपायच्या वेळी नको, तेव्हा सगळेच कंटाळलेले असतात आणि मग देवाच्या नावाने आरडाओरडा होतो.

मिस्टर नऊला येतात म्हणतेस. विरार लोकलमधून उभ्याने आलेल्या माणसाला लगेच प्रार्थनेला बस म्हणू नकोस, त्यांच्याकडे एकच काम दे, मुलं झोपायला जाताना दोघांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायचा आणि आशीर्वाद द्यायचा. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरनंतर आईवडिलांनी त्या बाळाच्या कपाळावर क्रूस काढला होता, आठवतंय का? त्याच दिवशी तुम्हाला विचारलंही होतं की ह्या मुलाला विश्वासात वाढवायची जबाबदारी तुम्हाला समजतेय ना, आणि तुम्ही हो म्हणाला होतात. धर्मशिक्षणाच्या बाई फक्त मदतीला आहेत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक, म्हणजे देवाची शुभवार्ता सांगणारे. मला येत नाही म्हणून घाबरू नकोस, मुलांनी बापाला रोज क्रूस काढताना बघितलं तर ते काय आहे हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आता मुलगी. तिच्याकडून धाकट्यासारखी अपेक्षा ठेवू नकोस, रंगाचे ठिपके वगैरे तिला बाळबोध वाटतील. तिच्याशी एकदा चालत चालत बोल, समोरासमोर बसून नको, बाजारात जाताना वगैरे. तिला सांग की तो तासाचा वर्ग मी बंद केलाय, तुझं बरोबर होतं. रविवारची मिस्सा मात्र सगळ्यांची, त्यात चर्चा नाही. आणि मग तिला काहीतरी जबाबदारीचं काम मिळवून दे, सुट्टीत मिस्साला बायबलचं वाचन करणारी मोठी मुलं गावाला गेलेली असतात, फादरना विचार की हिला एखाद्या रविवारी वाचन देता का, नाहीतर गायनात घेता का. वाचन मिळालं की ती आठवडाभर ते दहा वेळा वाचेल, कठीण नावं नीट म्हणायला शिकेल, अर्थ विचारेल, कुठल्या वर्गात हे होत नाही. गोष्ट वाचायचं काम पण तिलाच दे, भावाला आवाज काढून वाचून दाखवू दे.

तेरा वर्षांच्या मुलांना प्रश्न असतात, आणि ते बहुतेक वेळा टोमण्यासारखे बाहेर येतात, ‘देव आहे तर मग असं का होतं’ टाइपचे. ते उद्धटपणा म्हणून दाबू नकोस गं, ती विचारतेय म्हणजे अजून तिला पर्वा आहे. तिला कार्लो अकुतिसबद्दल सांग. इटलीचा मुलगा, कॉम्प्युटरचं वेड, कम्युनियनमधल्या चमत्कारांची वेबसाइट बनवली, 2006 मध्ये ल्युकेमियाने पंधराव्या वर्षी गेला आणि 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओ यांनी त्याला संत जाहीर केलं. जीन्स आणि बुटांतला संत, फोटो मोबाईलवर दिसतात. तिच्या वयाच्या मुलीला हे जवळचं वाटतं.

आणि जवळचं म्हणजे तर अगदी आपल्या वसईचाच, गोन्सालो गार्सिया. मला खरंच वाईट वाटतं की वसईच्या पोरांना सणाच्या दिवशी नाव माहीत असतं आणि गोष्ट माहीत नसते. 1557 च्या सुमारास वसईत जन्मलेला, जेझुइट धर्मसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग काही वर्षं व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन धर्मसंघाचा ब्रदर झाला आणि दुभाषा म्हणून परत जपानला गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या टेकडीवर त्याला क्रूसावर मारलं. त्याला धरून एकूण सव्वीस जण होते आणि त्यातला लुईस इबाराकी फक्त बारा वर्षांचा, म्हणजे तुझ्या मुलीपेक्षाही लहान. 1862 मध्ये सगळ्यांना संतपद मिळालं, गोन्सालो हा भारतात जन्मलेला पहिला संत. एक दिवस सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, मुलांना वसई किल्ल्यात घेऊन जा, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आणि वाटेत ही गोष्ट सांग. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या देवळात जमिनीवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या फरशा आहेत त्या दाखव, धाकटा त्यातली सालं शोधत बसेल.

एक गोष्ट राहिली, कोणासाठी तरी काहीतरी करायचं. बिल्डिंगमध्ये एखाद्या एकट्या आजी असतील तर आठवड्यातून एकदा मुलांनी त्यांचं सामान आणून द्यायचं, पाच मिनिटं बसायचं. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, सेंट व्हिन्सेंट डी पॉल ह्या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेची शाखा असेल तर शाळा उघडायच्या आधी त्यांना वह्या, दप्तरं वाटायची असतात का ते विचार, मुलांना बांधाबांधीला पाठव. त्यावर प्रवचन नको.

गोव्याला जाताय ते उत्तम. तिथे रविवार येणार, 31 मे असेल बहुतेक, तर हॉटेल बुक करतानाच जवळचं चर्च कोणतं आणि मिस्सा किती वाजता ते बघून ठेव, सकाळी उठून शोधायला लागलात तर राहून जाते. कोंकणीतल्या मिस्साला जा, भाषा वेगळी आणि मिस्सा तीच हे मुलांना स्वतः कळू दे, कुठे बसायचं कुठे उभं राहायचं सगळं त्यांना येईल, त्यांनाच आश्चर्य वाटेल. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकामध्ये संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, तिथे नक्की न्या, आणि तिथे उभं राहून धाकट्याला सांग की हे 1542 मध्ये गोव्यात आले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून वाजवत फिरायचे, मुलं गोळा करायचे आणि त्यांना गाण्यातून प्रार्थना शिकवायचे. वसईलाही येऊन गेलेत ते. बीचवर मात्र धर्मशिक्षण वगैरे काही नको, तिथे पोरांना मनसोक्त पोहू दे. परतीची गाडी रविवारी सकाळची असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा शोध, आणि जूनमध्ये वर्ग सुरू झाले की मला परत लिही, मुलीला वाचन मिळालं का तेवढं तरी कळव.